दोनशे आठ किलो

मोटरसायकल दाखवायच्या आधी दुकानाच्या मालकांनी मला गाडी आडवी पाडायला लावली. म्हणजे विकायची नवी नव्हे. दुकानाच्या मागच्या बाजूला जाड रबरी मॅट अंथरलेल्या होत्या आणि त्यावर एक ओरखडलेली, टाकीला पोचे पडलेली, इंडिकेटर कधीच गेलेले अशी साधारण दोनशे किलोची बिचारी गाडी उभी होती, तिचं कामच ते, पडायचं. "पाडा आणि उचला, मग बसून बोलू." मी म्हणलं अहो मला गाडी विकत घ्यायचीय. तर म्हणे, "तेच ना. घेतल्यावर उचलायला मी येणार नाहीये."

इथपर्यंत यायला मला सात-आठ महिने लागले होते. ज्यांना हा आजार झालेला नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण रात्री साडेअकराला झोपायच्या ऐवजी माणूस सातव्यांदा तेच दोन स्पेसिफिकेशनचे तक्ते शेजारी शेजारी लावून बघतो, जणू काही कालपासून आजपर्यंत त्यातला एखादा आकडा बदलला असेल. यामाहा टेनेरे ७०० ची सीट जमिनीपासून ८७५ मिमी, होंडा ट्रान्साल्पची ८५०, सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८००डीईची ८५५. टाक्या अनुक्रमे १६ लिटर, १६.९ लिटर, २० लिटर. मला बायकोचा मोबाईल नंबर पाठ नाही पण हे पाठ होतं. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "अरे तू गाडी विकत घेतोयस का दत्तक?"

माझी उंची पाच फूट सात इंच. हे इथेच सांगून टाकतो कारण पुढची सगळी रडकथा यावर उभी आहे, किंवा चवड्यावर उभी आहे म्हणा.

आधी एका मोठ्या चकचकीत शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, कुठला कलर. दुसरा, कधी बुक करताय. गाडीवर बसू का विचारलं तर स्टँडवरून काढायची नाही अशी अट, आणि टेस्ट राईड म्हणजे इमारतीला वळसा घालून परत, त्यातही मागे एक माणूस बसवणार. साईड स्टँडवर कललेल्या गाडीवर बसून माणसाला काय कळणार, आरशात आपण कसे दिसतो एवढंच कळतं. तेही मला बरं दिसलो असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग कोणीतरी या दुकानाबद्दल सांगितलं. फक्त ॲडव्हेंचर गाड्या, म्हणजे रस्त्यावर आणि रानातही चालणाऱ्या, नव्या आणि जुन्या, तीन-चार कंपन्यांच्या, आणि मागे स्वतःचं वर्कशॉप. मालक साठीच्या आसपासचे, गुडघे दुखतात हे चालण्यावरून कळतं, बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं मुरलेलं. मी दहा मिनिटांत त्यांना काका म्हणायला लागलो, ते मला शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिले.

तर ती उचलाउचली. मी आधी जसं कोणीही करेल तसं केलं, हँडल धरून समोरून ओढलं. गाडी वीतभर वर आली आणि पाठीत कुठेतरी एक तार वाजली. काका म्हणाले थांबा, आणि मग त्यांनी जे दाखवलं ते मी लिहून ठेवतोय कारण हे मला वीस वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण. मग गाडी गिअरमध्ये, म्हणजे चाक फिरणार नाही. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलायच्या आधीच साईड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे जोरात उचलली गेली तरी पलीकडे भुईसपाट होणार नाही, स्टँडवर टेकेल. डाव्या अंगावर पडली असेल तर स्टँड खाली दबलेला, तेव्हा तुमचं नशीब आणि तुमचे पाय. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून बूड सीटच्या कडेला लावायचं, एका हाताने हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हाताने मागचा ग्रॅब रेल, म्हणजे मागे बसणारा धरतो ती दांडी, किंवा फ्रेम, पाठ ताठ, आणि पायांनी मागे मागे चालत जायचं, छोटी छोटी पावलं. उचलायचं नाहीच, ढकलायचं. दुसऱ्यांदा गाडी उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी आजूबाजूला बघितलं, कोणी टाळ्या वाजवतंय का. एक पोरगा चेनला ब्रश मारत होता, त्याने मानही वर केली नाही.

"अजून दोनदा करा," काका म्हणाले. तिसऱ्या वेळी हात थरथरायला लागले. "हे तुमचं वजन. दमल्यावर जेवढं उचलता येतं तेवढ्याचीच गाडी घ्यायची. बीएमडब्ल्यूची १२५० जीएस २४९ किलोची आहे, सुंदर गाडी आहे, चालायला लागली की वजन कुठे जातं कळत नाही. पण थांबली की परत येतं."

नंतर त्यांनी एक कागद पुढे केला. मला वाटलं फॉर्म असेल. कोरा होता. म्हणाले मागच्या वर्षी किती किलोमीटर चालवली लिहा, आणि त्यातले डांबर सोडून किती तेही लिहा. सर्व्हिसच्या नोंदी मोबाईलमध्ये होत्या, त्यावरून ९,४०० निघाले. डांबर सोडून... मी आधी हजार लिहिलं, मग त्यांच्याकडे बघून खोडलं आणि पाचशे लिहिलं, मग शेवटी तीनशे. त्यातलेही शंभर बांधकाम चालू असलेल्या रस्त्याचे, म्हणजे तिथे माझ्या बाजूने स्कूटरवाले पण चालले होते. शंभरातले तीन. आणि मी बघत कुठल्या गाड्या होतो, तर उभं राहून वाळूत उडवायच्या.

"वर्षातले पंधरा दिवस कुठे जाणार ते सांगू नका, सगळे सांगतात. उरलेले साडेतीनशे दिवस कुठे जाता?"

ऑफिसला जातो, काका.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या गाडीकडे बोट केलं. व्ही-स्ट्रॉम ६५०, वापरलेली, चांगली निगा राखलेली. ६४५ सीसी, व्ही-ट्विन म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर, २००४ पासून चालत आलेलं मॉडेल. पुढे १९ इंची चाक, अलॉय म्हणजे तारांऐवजी ओतीव धातूचं, ट्यूबलेस, सीट बेताची. दिसायला अशी की मुलाला बघायला आलेत आणि मुलगा बँकेत आहे. "हे घ्या," म्हणाले, "मरत नाही."

ते शंभर टक्के बरोबर होते आणि मला ती गाडी बिलकुल नको होती.

इथे जरा थांबून माझ्या डोक्यात काय शिजत होतं ते सांगतो. या सगळ्या जातीचं मूळ वाळवंटात आहे. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून निघालेली पहिली पॅरिस-डाकार शर्यत जानेवारी १९७९ मध्ये संपली, मोटरसायकलमध्ये सिरिल नव्हू जिंकला, यामाहाच्या एक्सटी ५०० वर, म्हणजे एक सिलिंडर, साधी हवेवर थंड होणारी गाडी. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली, त्यातला 'जी' म्हणजे गेलेंडे, रान, आणि 'एस' म्हणजे श्ट्रासे, रस्ता, आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर युबेर ओरिओल डाकार जिंकला. १९८३ ला यामाहाने गाडीला सरळ सहारातल्या एका वाळवंटाचं नावच दिलं, टेनेरे. होंडाच्या शर्यतीच्या गाडीने, एनएक्सआर ७५० ने, १९८६ ते १९८९ सलग चार डाकार मारल्या आणि १९८८ ला आफ्रिका ट्विन दुकानात आली. त्याच सुमाराला होंडाचीच ट्रान्साल्प, ती बिचारी कधीच काही जिंकायला आली नव्हती, नावाप्रमाणे आल्प्स ओलांडून पलीकडे जावं आणि संध्याकाळी सुखरूप पोचावं एवढीच तिची अपेक्षा. आणि गंमत बघा, पुढे दुकानातल्या गाड्या वाढत वाढत १,२०० काय १,३०० सीसीच्या झाल्या आणि तिकडे खुद्द डाकारमध्ये २०११ पासून मोटरसायकलला ४५० सीसीची मर्यादा आहे. म्हणजे जे खरंच वाळवंटात जातात ते आमच्यापेक्षा लहान गाडीवर जातात.

हे सगळं माहीत असूनही मला पुढे २१ इंची चाक हवंच होतं.

त्याला थोडं शास्त्र आहे, अगदीच खूळ नाही. मोठं चाक दगडाला किंवा खड्ड्याच्या काठाला कमी तिरकस भिडतं, त्यामुळे अडखळण्याऐवजी वरून जातं. त्यात ते अरुंद असतं, टायर जेमतेम ९० मिमी रुंद, मऊ मातीत चिरत जातं. १९ इंची टायर रुंद, रस्त्यावर वळताना पटकन झुकतो, ब्रेकला जास्त रबर मिळतं. पण २१ च्या गाडीबरोबर बहुतेक वेळा तारांची चाकं येतात आणि तारा रिमच्या मधून ओवलेल्या असल्या की आत ट्यूब लागते. ट्यूबलेसला पंक्चर झालं तर चाक न काढता रबरी दोरी खुपसायची, हवा भरायची, पुढे. ट्यूबवाल्याचं चाक काढा, टायर उलगडा, ट्यूब ओढा. तारांचं चाक आपटलं तर वाकून, लवून निभावतं आणि तारा आवळून बऱ्याचदा सरळ होतं, अलॉय जोरात बसलं तर थेट तडा. तुम्हाला कुठलं दुखणं परवडतं ते निवडायचं. काकांचं म्हणणं, शंभरातल्या सत्त्याण्णव किलोमीटरला पंक्चरचं दुखणं मोठं. माझं म्हणणं... माझं म्हणणं काहीच नव्हतं, मी नुसता २१ इंची चाकाकडे बघत होतो.

त्यांनी फार ताणलं नाही. "बरं. हौस आहे ना? मग हौसेतली त्यातल्या त्यात कमी त्रासाची बघू." हे वाक्य मला फार आवडलं.

मग एकेका गाडीवर बसणं सुरू झालं. टेनेरेवर बसलो. स्वप्न होतं ते. आणि दोन्ही चवडे जेमतेम टेकले, डावीकडे सरकून एक पाय पूर्ण टेकवला तर उजवा हवेत. काका म्हणाले, नुसती सीटची उंची बघू नका, ती जरा फसवी असते, सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय कमी पोचतो, निमुळती असेल तर जास्त पोचतो, आणि तुमच्या वजनाने गाडी बसते किती तेही बघावं लागतं. सीट पाहून पाय पसरावे, असं मी म्हणलं, त्यांना विनोद कळला नाही किंवा आवडला नाही.

केटीएमची ८९० बघितली, तिची २० लिटरची टाकी दोन्ही बाजूंनी खाली गुडघ्यांपर्यंत ओघळलेली आहे, दिसायला विचित्र, पण वीस लिटर पेट्रोल म्हणजे पंधरा किलो वजन आणि ते वर छातीपाशी असण्यापेक्षा खाली असलेलं हलवून बघितल्यावर लगेच कळतं. हिमालयन ४५० पण तिथे होती, ४५२ सीसी, १९६ किलो, सीट ८२५ वर खाली आणता येते, आणि खरं सांगतो, एकट्याने फिरणार असतो तर मी तीच घेतली असती आणि हा लेख अर्धा झाला असता.

पण एकट्याने नव्हतं. काकांनी परत कागद ओढला आणि बेरीज मांडली. मी ८२ किलो, अंगावर हेल्मेट-जॅकेट-बूट चढवून ९२. बायको तशीच सगळं घालून ६६ (हा आकडा इथे छापल्याबद्दल मला घरी ऐकावं लागणार आहे). बाजूच्या पेट्या नुसत्या रिकाम्या, त्यांच्या सांगाड्यासकट १५. त्यात सामान २०. झाले १९३. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची वजन वाहायची मर्यादा दोनशे किलोच्या थोडी अलीकडे-पलीकडे असते, मॅन्युअलमध्ये दिलेली असते, आणि कोणी बघत नाही. मी तर सात-आठ महिने सगळे तक्ते चाटूनपुसून वाचले होते, हा आकडा एकदाही बघितला नव्हता. "म्हणजे पत्र्याच्या पेट्या नकोत," काका म्हणाले, "कापडी बॅगा घ्या. हलक्या, आणि पडलात तर पाय पेटीखाली सापडत नाही." दुकानदार माणूस स्वतःहून महाग वस्तू घेऊ नका म्हणतोय, मी जरा संशयानेच बघितलं.

ट्रान्साल्पवर बसलो तेव्हा आत काही वाजलं वगैरे नाही. नवीन एक्सएल ७५०. २०८ किलो. दोन्ही पायांचे चवडे आणि थोडा तळवा टेकला. हँडल जिथे असावं तिथे होतं. टेस्ट राईडला काकांनी एक तास दिला, एकटं सोडलं, आणि गृहपाठ दिला. पहिल्या गिअरमध्ये उभं राहून चालीच्या वेगाने जा. हँडल पूर्ण वळवून यू-टर्न घ्या, दोन्हीकडे. ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडका आणि उजव्या पोटरीला किती गरम लागतं बघा. वेगात जाऊ नका, वेगात सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

यू-टर्न डावीकडून बरा झाला, उजवीकडून पाय टेकावा लागला. इंजिन ७५५ सीसी, दोन सिलिंडर शेजारी शेजारी पण क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २७० अंशाचा. म्हणजे दोन धडाके समान अंतराने होत नाहीत, आधी दोन जवळ जवळ मग मोठा खंड, नव्वद अंशाच्या व्ही-ट्विनसारखं. कानाला ते कोणीतरी जिना उतरताना एक पायरी सोडतंय असं ऐकू येतं. हल्ली या वर्गात निम्म्या गाड्या याच तालावर चालतात. मला तासाभराने त्या आवाजाचं भानच राहिलं नाही, डोक्यात दुसरेच विचार सुरू झाले, उद्याच्या मीटिंगचे वगैरे. आणि तेव्हा कळलं की हीच. जिच्यावर बसून गाडीचा विचार थांबतो ती.

टेनेरेचं काय? अजून कुठे दिसली की मान वळते. असो.

डिलिव्हरीच्या दिवशी मला वाटलं होतं किल्ली, फोटो, टाटा. काकांनी अडीच तास घेतले. खोक्यातून आलेली गाडी दुकानात जोडली जाते, हँडल, आरसे, पुढचं चाक, बॅटरी, त्यामुळे प्रत्येक बोल्ट त्यांनी परत एकदा माझ्यासमोर टॉर्क पान्ह्याने, म्हणजे किती आवळलंय ते मोजणाऱ्या पान्ह्याने, तपासला. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड दाखवला, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, टायर कधी बनला ते. मग सॅग. हे मी पहिल्यांदाच बघितलं. मागचं चाक हवेत ठेवून चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजलं, मग मला हेल्मेट-बूट सगळं घालून बसवलं, पाय फूटपेगवर, तो चेनवाला पोरगा पुढून हँडल धरून उभा, आणि परत मोजलं. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग, सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा हवा. मागचा प्रवास १९० मिमी, म्हणजे साठच्या आसपास. माझा ७४ आला. काकांनी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला, परत बसवलं, ६६, परत वाढवला, ६१. मी म्हणलं स्प्रिंग कडक झाली का, तर म्हणे "स्प्रिंग आहे तेवढीच आहे हो, ती कशी कडक होईल, तिची सुरुवात वर सरकवली फक्त." मला हे घरी येऊन वही-पेन घेऊन समजून घ्यावं लागलं.

मग क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर. मला उभं राहायला लावून त्यांचा कोन जुळवला, आणि त्यांच्या क्लॅम्पबद्दल, म्हणजे लिव्हरला हँडलवर आवळून धरणाऱ्या कड्याबद्दल, काहीतरी सांगत होते, हे जरा असंच ठेवलंय, मुद्दाम वगैरे, पण नेमका तेव्हा बायकोचा व्हिडिओ कॉल आला आणि मी तिला टाकीचा रंग दाखवत होतो. हो हो म्हणलं.

जाताना क्रॅश गार्ड मागितले तर म्हणाले लावू, पण आधी हे, आणि दोन टायर लिव्हर, म्हणजे रिमवरून टायर उचकायच्या पट्ट्या, एक ट्यूब आणि छोटा पंप हातात ठेवला. पुढच्या शनिवारी दुकानात या, म्हणाले, स्वतःच्या चाकाची ट्यूब स्वतः काढून घालून दाखवा, मग कुठेही जा. गेलो. पहिल्या वेळी टायर बसवताना लिव्हरमध्ये नवी ट्यूब चिमटली, दोन शेजारी शेजारी भोकं, साप चावल्यासारखी. दुसरी ट्यूब विकत घ्यावी लागली. काकांनी अजिबात सवलत दिली नाही.

चौदाशे किलोमीटर झाले होते, रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाला सुरुवातीला जपून चालवणं, आणि पहिली सर्व्हिस उरकून, तेव्हा पडली. वाळू नाही, चिखल नाही, डोंगर नाही. घराखाली, पार्किंगमध्ये, सकाळी नऊला, ऑफिसला निघताना. साईड स्टँड पूर्ण बाहेर आला नव्हता, मला वाटलं आला, मी गाडी टेकवली आणि ती टेकतच गेली. सावकाश. दोनशे आठ किलो इतक्या सावकाश पडताना कधी बघितलं नव्हतं, धरायचा प्रयत्न केला आणि मग काकांचं ऐकून सोडून दिली, पडत्या गाडीला धरू नका, पाठ जाते. डाव्या अंगावर.

किल स्विच, गिअर, हँडल, बूड सीटला, छोटी पावलं. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी बघत होतं. उभी राहिली. गाडीला बाकी काही नाही, फक्त क्लचची लिव्हर मुळापासून तुटून केबलला लोंबत होती.

काकांना फोन केला.

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"आणि लिव्हर तुटली? तुटायला नको होती. क्लॅम्प मी मुद्दाम जरा सैल ठेवतो, पडली की फिरते, तुटत नाही." मग जरा थांबून, "तुम्ही आवळलात का?"

आवळला होता. गाडी घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी पुसताना लिव्हर किंचित हलतेय असं वाटलं, आणि मनात म्हणलंही की अडीच तास बसून बोल्ट तपासले आणि हा राहिला वाटतं, आणि पान्हा आणून दोन्हीकडचे चांगले करकचून आवळले होते.

"एक लिव्हर पाठवता का?" मी विचारलं.

"दोन पाठवतो," काका म्हणाले.